पायांनी चालणाऱ्या मोटारी

ता. ४ मार्च

चि. सुतळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझा फोन आला आणि मी घरभर नाचले. नाचले म्हणजे गुडघे परवानगी देतील तेवढंच, पण नाचले. इतकी वर्षं तू कसलंसं संशोधन करतेस एवढंच मी सगळ्यांना सांगत होते, आणि कसलं म्हणून कोणी विचारलं की मला खोकला येत असे. आता कळलं की तू मोटारींचं काम करतेस. आपल्या घराण्यात हे नवीनच. तुझ्या बापाला, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाला, सायकलची उतरलेली साखळी बसवता येत नाही, आणि लेक हजारो मोटारी सांभाळते! वाचनालयात मी लगेच सांगून टाकलं. आमच्या वाचनालयाच्या अध्यक्ष आहेत ना, त्या निवृत्त हेडबाई, त्यांनी विचारलं की नव्या मोटारी की जुन्या. मी म्हटलं, दोन्ही.

फक्त एक गोष्ट नीट ऐकू आली नाही. त्या मोटारी पायांनी चालतात असं काहीतरी तू म्हणालीस. ते मला चुकीचंच ऐकू आलं असणार. उभा जन्म टेलिफोन खात्यात बसून मी लोकांचे फोन जोडून दिले आणि आता माझ्याच कानांची लाइन खराब झाली. म्हणून यापुढे जे काय असेल ते लिहून कळवत जा. तुझ्या काकांनाही, म्हणजे आमच्या ह्यांनाही, तेवढंच बरं. छापखान्यातल्या प्रूफं तपासायच्या कामातून निवृत्त झाल्यापासून त्यांना चुका काढायला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

काकांची तब्येत ठीक. पाय तेवढे बधिर होतात म्हणतात. बुधवारी फिरायला गेले ते एकाच चपलेत परत आले. दुसरी कुठे निघाली ते त्यांना कळलंच नाही. मी पोटभर हसले आणि मग शोधायला गेले. न्हाव्याच्या दुकानाशेजारच्या कठड्यावर कुणीतरी ती नीट ठेवून दिली होती, पाहुण्यासारखी. तुझ्याकडे म्हाताऱ्या माणसाला झेपेल अशी एखादी छोटी मोटार आली तर आमची आठवण ठेव.

आमचा लोभ भरपूर आहे, तू पत्रांची टंचाई करू नकोस.

तुझी
आत्या


ता. ११ मार्च

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी प्रयोगशाळेत एवढी हसले की शेजारच्या टेबलावरचा मुलगा पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला. आत्या, हेडबाईंना कृपा करून सांग की मोटारी नव्याही नाहीत, जुन्याही नाहीत आणि विकायला तर मुळीच नाहीत. त्या आपल्या पेशींमध्ये असतात. मोटर प्रथिनं म्हणतात त्यांना. आणि तुला अगदी बरोबर ऐकू आलं होतं, त्यांना खरंच दोन पाय असतात आणि त्या एकेक पाऊल टाकत चालतात.

आता नीट वाच. तुझ्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जी नस जाते, तिच्यातली एकेक चेतापेशी मीटरभर लांब असते. एक पेशी! तिचा बहुतेक माल तयार होतो कण्याजवळ आणि लागतो पार अंगठ्याशी. मग पेशीच्या आत बारीक रूळ टाकलेले असतात आणि त्यांच्यावरून या मोटारी मालाची पिशवी धरून चालत जातात. माझ्या मोटारीचं नाव कायनेसिन. ती फक्त पुढे जाते. परत येणारी मोटार वेगळी.

माझं काम याच्याही पुढचं आहे. मोटारीकडे माल नसेल तर तिनं काय करायचं? रिकामी पळत सुटली तर इंधन फुकट जाईल. म्हणून ती कमरेत वाकते, स्वतःची शेपटी स्वतःच्या पायांवर दाबून धरते आणि कुलूप लावल्यासारखी पडून राहते. माल आला की दुसरं एक प्रथिन येऊन जणू तिच्या खांद्यावर हात ठेवतं, मग ती सरळ होते आणि निघते. हे कुलूप उघडतं नेमकं कसं, ते मी शोधते आहे. त्यासाठी मी मिलिमीटरभर लांबीच्या अळ्या पाळल्या आहेत. माझ्या अळ्यांमध्ये तो खांद्यावर हात ठेवणाराच नाही. त्यामुळे मोटारी झोपून, नसा उपाशी आणि अळ्या दिवसभर लोळत. त्यांच्या जनुकांत जागोजाग बदल घडवणारं रसायन मी त्यांना दिलंय, आणि आता त्यांच्या पिल्लांत, नातवंडांत अशी एखादी शोधते आहे की जी तरीही चालेल. म्हणजे कुलूप कुठे ढिलं झालं ते कळेल. आतापर्यंत हजारो बघितल्या. सगळ्या लोळतात. काही माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघतात. अळ्यांना डोळे नसतात, तरी बघतात.

काकांची चप्पल मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे ने आणि रक्तातली साखर तपासून घे. आणि तू विचारशीलच म्हणून आधीच सांगते, माझ्या कामाचा काकांच्या पायांना काही उपयोग नाही. आज नाही आणि बहुधा पुढची बरीच वर्षं नाही.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी
सुतळी

ता. क. पाणी आणणारा मुलगा फक्त शेजारच्या टेबलावर बसतो. पुढे काही विचारू नये.


ता. २१ मार्च

चि. सुतळीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. साखर निघाली. डॉक्टर म्हणाले की सर्वांत लांब नसा आधी कुरकुरतात, म्हणून पाय. हे मी त्यांच्या आधीच म्हणाले, कारण तुझं पत्र पर्समध्ये होतं. डॉक्टरांनी मला विचारलं की बाई, तुम्ही नर्स होता का. मी नाही म्हटलं नाही. काकांना आता गोळ्या, रोज पाय तपासायचे आणि घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. बंदाचे बूट घेतले, ते काही रस्त्यात उतरणार नाहीत. चहा बिनसाखरेचा. पहिला कप त्यांनी चेहऱ्यावरची रेघ न हलवता संपवला आणि बशीत उपडा घातला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

आता महत्त्वाचं. वाचनालयाचा वार्षिक दिवस मे महिन्यात आहे आणि यंदा नाटक मी बसवणार आहे. दर वर्षी तेच ते, एक राजा, एक राणी आणि राणी कायम हेडबाई. यंदा तुझ्या मोटारी. वाचनालयाच्या महिला मंडळातल्या सगळ्या जणी मोटारी होतील. कण्यापासून अंगठ्यापर्यंत दोरी लावायची, तिच्यावरून पिशव्या घेऊन चालत जायचं. खांद्यावर हात ठेवणारी मी. काका अंगठा. रंगमंचाच्या टोकाला खुर्चीवर बसून माल यायची वाट बघायची. त्यांना एकही वाक्य दिलेलं नाही. अंगठा बोलत नाही, आणि काकाही बोलत नाहीत, तेव्हा नटाची निवड अचूक आहे.

काही शंका आहेत. मोटारींचा रंग कोणता? त्या कपाळाला काही लावतात का? दोघी समोरासमोर आल्या तर कोणी बाजूला व्हायचं? हेडबाई म्हणतात की त्या मेंदू होतील. मेंदू नाटकात आहे का? नसावा अशी माझी इच्छा आहे.

शेजारच्या टेबलावरच्या मुलाबद्दल मी काहीही विचारत नाही. फक्त उंची, शिक्षण, घरी कोण कोण असतं आणि पाणी नेहमी आणतो की तेव्हाच आणलं, एवढंच कळव.

लोभ ओसंडून वाहतो आहे, कप पुढे कर.

तुझी
आत्या


ता. २ एप्रिल

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काका डॉक्टरांकडे गेले हे फार बरं झालं. बुटांत पाय घालण्याआधी आत खडा वगैरे नाही ना, ते रोज हात घालून बघायला सांग.

नाटकाची बातमी मी दोनदा वाचली आणि मग खुर्चीत बसून राहिले. माझ्या कामावर नाटक होणार हे इथे कुणालाच खरं वाटत नाही. रंग नसतो, हवा तो दे. समोरासमोर आल्या तर कधी रूळ बदलतात, कधी अडकतात, कधी ढकलाढकली होते. म्हणजे आमच्यासारखंच. मेंदू नाटकात नाही. मोटारींना हुकूम सोडणारं कोणी साहेब नसतं, आणि हीच तर गंमत आहे. वाकून बसायचं की चालायचं हे माल आला का, हात ठेवणारा आला का, अंगावर एखादी रासायनिक खूण चिकटली का, एवढ्यावरून ठरतं. हेडबाईंना हे हळू आवाजात सांग.

आमच्याकडे मात्र हुकूम आला आहे. सतरा मेला समितीपुढे उभं राहून आजवर काय सापडलं ते सांगायचं. ते बघून समिती ठरवणार की माझं काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले की काळजी करू नकोस, आणि सर असं म्हणाले की सगळे काळजी करायला लागतात. चालणारी अळी अजून नाही. स्वप्नातसुद्धा अळ्या येतात, आणि तिथेही लोळतात.

शेजारचा मुलगा परत येणाऱ्या मोटारीवर काम करतो. पेशीच्या टोकाकडून जुनं सामान, मोडकंतोडकं, निरोप असं सगळं ती मागे आणते. तोही तसाच आहे. कोणी काही टाकलं की उचलून आणतो. माझी हरवलेली टोपणं, तुटलेला चष्मा, सरांनी फेकलेली छत्री. उंची दाराएवढी. माझी बिस्किटं खातो. यावरून काहीही ठरवू नये.

लोभाची शिल्लक सांभाळून ठेव, लवकरच लागेल.

तुझी
सुतळी


ता. १६ एप्रिल

चि. सुतळीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मोटारी कमरेत वाकतात हे लिहायला सोपं आहे गं. आमचं मंडळ सरासरी पासष्टीचं. पहिल्या तालमीला मी सांगितलं की सगळ्यांनी वाकून हात पायांच्या बोटांना लावा आणि मी खांद्यावर हात ठेवीपर्यंत तसंच राहा. निम्म्या जणी गुडघ्यापर्यंत पोचल्या. ग्रंथपालबाई पूर्ण वाकल्या, पण मग सरळ होईनात. मी खांद्यावर हात ठेवला, थोपटलं, शेवटी ढकललं. त्यांना तशाच वाकलेल्या अवस्थेत मालवाहू टेम्पोत बसवून दवाखान्यात नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की हे कशानं झालं, तर त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या की मी कायनेसिन आहे. त्यांना एक इंजेक्शन जास्तच दिलं. आता आम्ही स्टुलांवर बसून वाकतो.

खरा प्रश्न हेडबाईंचा आहे. मेंदू नाही म्हटल्यावर दोन दिवस त्या आल्याच नाहीत. मग आल्या आणि म्हणाल्या की मोटार होईन, पण वाकणार नाही. एवढी वर्षं साऱ्या शाळेनं त्यांच्यापुढे मान खाली घातली, आता त्या दोरीपुढे घालणार नाहीत. मी म्हटलं, हे विज्ञान आहे. त्या म्हणाल्या की मग विज्ञानानं शिस्तीत राहावं.

नाटक सतरा मेलाच आहे, संध्याकाळी. समिती सकाळीच उरकून ये. काका रोज संध्याकाळी खुर्चीवर अंगठा होऊन बसतात आणि तालीम बघताना कधीकधी हसतात. मी बघितलं नाहीसं दाखवते.

परतीवाल्या मुलाला बिस्किटं कमी पडू देऊ नकोस. लोभात पाणी घालू नये, बाकी सगळ्यात घालावं.

तुझी
आत्या


ता. २४ एप्रिल

ति. आत्यास,
सा. न.

काल सकाळी एक अळी चालताना दिसली. अळ्या राहतात त्या प्लेटमधल्या जेलीवर मागे सुंदर नागमोडी रेघ उमटवत, अगदी ऐटीत. मी किंचाळले आणि सरांना बोलवायला धावले. सर फोनवर होते. तो फोन काही संपेना. मी दाराशी एका पायावर उभी. सरांना घेऊन परत आले तर लोळणाऱ्या सगळ्या जागच्या जागी आणि चालणारी तेवढी गायब. ती जेली सोडून प्लेटच्या प्लास्टिकच्या भिंतीवर चढली होती आणि तिथेच सुकून मेली होती. जी चालू शकते तीच पळून जाऊ शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सर म्हणाले की असं होतं. मी प्लेट कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि घरी येऊन झोपले. समितीला दाखवायला माझ्याकडे काही नाही. मी हे सगळं सोडून द्यावं म्हणते. काकांना विचार, छापखान्यात कोणी लागतं का. चुका मला भरपूर करता येतात, तेव्हा काढताही येतील.

तुझी
सुतळी


ता. २८ एप्रिल

चि. सुतळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अळीच्या अकाली जाण्याची बातमी वाचून आम्हा दोघांना फार वाईट वाटलं. तुमची ओळख फार दिवसांची नव्हती हे खरं, पण दुःखाला दिवस लागत नाहीत. तिनं फार त्रास काढला नसेल अशी आशा आहे. मागे कोण कोण आहे? मुलंबाळं? असतील तर त्यांच्याकडे लक्ष दे, तेवढाच मनाला विरंगुळा.

सोडून द्यायचं असेल तर सोड, पण सतरा तारखेनंतर सोड. समितीपुढे उभी राहा, जेवढं केलंस तेवढं सांग आणि मग काय ते ठरव. झोपून ठरवलेलं मी धरत नाही. काका म्हणतात की छापखान्यात जागा नाही. मला वाटतं की त्यांनी विचारलंच नाही.

जेव. आंघोळ कर. केस धू. लोभाला काही धाड भरलेली नाही.

तुझी
आत्या


ता. ९ मे

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुझं सांत्वनाचं पत्र मिळालं तेव्हा आम्ही ते जमिनीवर बसून वाचलं आणि उठता येईना इतके हसलो. आत्या, मागे मुलं आहेत!

झालं असं. मी फेकलेली प्लेट शेजारच्या मुलानं त्याच संध्याकाळी डब्यातून उचलून ठेवली होती. का, विचारलं तर म्हणाला की सवय. मला आशा लावून परत पाडायला नको म्हणून चार दिवस बोलला नाही. मग एक दिवस प्लेट माझ्या मायक्रोस्कोपखाली ठेवून स्वतः खिडकीबाहेर बघत उभा राहिला. आमची अळी पळण्याआधी जेलीवर अंडी घालून गेली होती. त्यांतून निघालेली मुलं मोठी झाली होती आणि लोळणाऱ्यांच्या गर्दीतून सगळी आईसारखी नागमोडी फिरत होती. या अळ्यांना नवरा लागत नाही, त्या एकट्याच अंडी घालतात, त्यामुळे आईत झालेला बदल थेट मुलांत उतरतो. या वेळी प्रत्येकीला वेगळी प्लेट दिली आणि कडेला राखण ठेवली. राखण म्हणजे आम्हीच, आळीपाळीनं.

मोटारीचं जनुक वाचून घेतलं. बदल तिथेच निघाला! मोटार जिथे कमरेत वाकते, त्या बिजागरीत. बिजागरी सैल झाली म्हणून ती नीट वाकतच नाही, कुलूप लागत नाही, आणि खांद्यावर हात ठेवणारं कोणी नसलं तरी निघते. पण एक गोम आहे. अशा मोटारींना थांबायचं कुठे ते कळत नाही. मधल्या थांब्यांवर द्यायचा मालही त्या पुढे नेतात आणि टोकाला नुसता ढीग लावतात. म्हणजे वाकणं हा आळस नाही, गरज आहे. सतरा तारखेला हेच सांगणार.

लोभ असाच राहू दे, आम्ही त्याला जागू.

तुझी
सुतळी


ता. १३ मे

चि. सुतळीस,
अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी मुलांचं विचारलं आणि मुलं निघाली. समितीपुढे माझं नाव घेतलंस तर मी नको म्हणणार नाही.

नवरा लागत नाही ही माहिती मी तालमीत सांगितली.  मग एकीनं अळीचा आणि तुमच्या प्रयोगशाळेचा पत्ता विचारला.

आणि तुझ्या त्या सैल बिजागरीनं माझा प्रश्न सोडवला! मी हेडबाईंना म्हटलं की ताज्या संशोधनानुसार एक मोटार अशी असते की जी वाकतच नाही आणि तिला कोणी उठवावं लागत नाही. त्यांनी ते कागदावर मागितलं, मी तुझं पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या की अखेर विज्ञानाला समज आली. गोम असलेल्या ओळीवर मी अंगठा ठेवला होता.

तुझ्या पत्रात आता आम्ही आम्ही फार येतं. काकांनी तिथे पेन्सिलीनं खूण केली आहे. ती चूक म्हणून केली की नाही, ते सांगत नाहीत.

सतराला वाट बघते. येताना लोभ आणू नकोस, इथे पुष्कळ आहे.

तुझी
आत्या


ता. १८ मे

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काम चालू राहणार! अजून दोन वर्षं.

बोलताना मला अचानक वाटलं की मोटार कशी वाकते ते करून दाखवावं. म्हणून मी व्यासपीठामागे वाकले आणि कुलूप लागल्यासारखी थोडी थांबले. समितीच्या अध्यक्षांना वाटलं की मी चक्कर येऊन पडले. ते धावत आले आणि त्यांनी पाण्याचा जग माझ्या डोक्यावर ओतला. पुढचं सगळं मी निथळत सांगितलं. सर म्हणतात की एवढं लक्षपूर्वक समितीनं कधीच कुणाचं ऐकलं नव्हतं.

त्यानंतर सरांनी कागदपत्रांसाठी संध्याकाळपर्यंत डांबून ठेवलं, म्हणून मला नाटकाला येता आलं नाही. फार वाईट वाटतंय. माझ्याऐवजी एक सोय केली होती, ती पोचली का? नाटक कसं झालं ते सविस्तर लिही.

रागावलीस तरी लोभ चालू ठेव.

तुझी
सुतळी


ता. २० मे

चि. सुतळीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाटक अत्यंत यशस्वी झालं. काही किरकोळ गोष्टी सोडल्या तर सगळं ठरल्याप्रमाणे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझा आवाज बसला आहे आणि पाठ धरली आहे, म्हणून सविस्तर लिहीत नाही.

तू आली नाहीस, मी रागावले आहे. राग उद्यापर्यंत टिकेल असं वाटत नाही. सोय कसली ते कळलं नाही, काही पार्सल आलेलं नाही.

एक मात्र सांगते. दिव्यांचं काम बघणाऱ्यांनी यंदा एक उंच मुलगा पाठवला होता, फार गुणी. मी त्याच्याकडून दिवे लावून घेतले, दोऱ्या गुंडाळून घेतल्या, सगळ्या खुर्च्या आत ठेवून घेतल्या. एका शब्दानं कुरकुरला नाही. उशिरापर्यंत थांबला. असा एखादा तुला मिळाला असता तर! तुझा तो बिस्किटखाऊ परतीवाला काय कामाचा?

लोभ रागाच्या खाली ठेवला आहे, सापडेल.

तुझी
आत्या


ता. २२ मे

चि. सुतळीस,
आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. पण तुझ्या आत्याच्या मजकुरात बरंच काही गळलं आहे, म्हणून लिहितो.

पडदा उघडला तेव्हा सगळ्या स्टुलांवर वाकून बसल्या होत्या आणि हेडबाई ताठ उभ्या होत्या. कोणाचाही हात खांद्यावर येण्याआधी त्या निघाल्या. पिशवी न घेताच. त्या निघालेल्या बघून बाकीच्यांना वाटलं की आपण खूण चुकवली. त्या सगळ्या पिशव्या घेऊन एकदमच निघाल्या. तुझी आत्या मागून एकेकीचा खांदा धरायला धावत होती आणि पुढच्यांना वाटत होतं की ती आणखी घाई करायला सांगते आहे. मधल्या थांब्यांवर कोणी थांबलं नाही. सगळा माल माझ्यापर्यंत आला. उशा भरलेल्या पिशव्या होत्या म्हणून बरं. मी खुर्चीसकट दिसेनासा झालो.  मला वाक्य नव्हतं, पण कोणीतरी काही बोलायला हवं होतं. मी ढिगाखालून सांगितलं की माल पोचला, सही कुठे करू. टाळ्या त्याला पडल्या. हेडबाईंनी तीनदा वाकून अभिवादन केलं. म्हणजे त्यांना वाकता येतं.

मला ढिगातून बाहेर काढलं ते शेवटच्या रांगेतल्या एका उंच मुलानं. एकेक पिशवी उचलून, झटकून, मागे जिथून आली तिथे नेऊन ठेवली. मी विचारलं तेव्हा म्हणाला की तुझ्याऐवजी आला आहे. तेवढ्यात तुझ्या आत्यानं त्याला दिव्यांच्या वायरी गुंडाळायला बोलावलं आणि तो गेला. खरं सांगायची संधी त्याला दोनदा मिळाली होती. दोन्ही वेळा त्यानं आणखी खुर्च्या उचलल्या. मला मुलगा पसंत आहे. आत्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. ते तुझ्या हातचं असावं. लिहिशील त्या दिवशी तिला आधी बसायला सांग.

पायांचं विचारशील म्हणून. सुधारलेले नाहीत, बिघडलेलेही नाहीत. तुझ्या कामाचा उपयोग नाही असं तू लिहिलं होतंस ते मीच तिला वाचून दाखवलं होतं. तिनं ते परत वाचायला लावलं, मग उठली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून दोरी घेऊन आली. 

नाटक संपलं पण दोरी तिच्या हातातून सुटलेली नाही असं म्हणायला हरकत नाही. रोज संध्याकाळी आम्ही बूट घालून फिरायला जातो. ती दोन पावलं पुढे चालते आणि मला पायाखाली काय आहे ते मोठ्यानं सांगत जाते. इथे खडी. इथे उतार. इथे ओलं आहे, डावीकडून या. रस्त्यातली माणसं वळून बघतात. तिला नीट ऐकू येत नसल्यामुळे तिचा आवाज लांबवर जातो. बोलता बोलता तिचं लक्ष दुसरीकडे गेलं की ती काहीही सांगते. काल तिनं डबकं सांगितलं. डबकं नव्हतं. मी उडी मारली.

लोभ कळवायचं राहिलं असं समजू नये.

तुझा
काका